प्रोग्रॅमिंगच्या वर्गातील गळती आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची मदत

प्रश्न : मी प्रथम वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. दरवर्षी सत्राच्या मध्यावर बरेच विद्यार्थी विषय सोडून देतात. कच्च्या विद्यार्थ्यांची यादी करून वरच्या वर्गातील मुलांकरवी त्यांचे जादा तास घ्यावेत, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची मदत अवश्य घ्यावी, परंतु यादी मात्र करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘कच्चा’ हा शिक्का एकदा बसला, की ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते नेमके तेच त्या तासांकडे फिरकत नाहीत. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये डिॲना मार्टिन यांनी सुरू केलेल्या ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ (पूरक मार्गदर्शन) पद्धतीत कच्चे विद्यार्थी न शोधता अवघड विषय शोधले जातात आणि त्या विषयांचे जादा तास सर्वांसाठी खुले असतात. मार्गदर्शक विद्यार्थी पूर्वी त्या विषयात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला असला, तरी तो पुन्हा वर्गात येऊन बसतो. त्यामुळे आज कोणत्या मुद्द्यावर वर्ग अडखळला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

प्रोग्रॅमिंगला ही पद्धत विशेष लागू पडते. निरनिराळ्या देशांतील प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासणाऱ्या २००७ आणि २०१४ मधील दोन अभ्यासांत उत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ६७ टक्केच आढळले. या विषयात मागचे कळले नाही तर पुढचे उभेच राहत नाही, आणि एकट्याने चुकांशी झुंजणाऱ्याला हे फक्त आपल्यालाच जमत नाही असे वाटू लागते.

मार्गदर्शकांना एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून द्यावा : दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. समजा, १ ते १० या संख्यांची बेरीज ५५ यायला हवी आणि विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅममध्ये ती ४५ येते. हुशार मार्गदर्शक लूपची (तीच कृती फेरीफेरीने पुन्हा करणाऱ्या भागाची) मर्यादा क्षणात दुरुस्त करून देईल, आणि ती मान डोलावून निघून जाईल. त्याऐवजी त्याने कागदावर तक्ता आखायला सांगून प्रत्येक फेरीत चलाची किंमत तिच्याकडूनच लिहून घ्यावी. नववी फेरी लिहून झाल्यावर दहावी येतच नाही, हे तिचे तिलाच दिसते, आणि पुढच्या वेळी ती तक्ता स्वतःहून आखते. म्हणून मार्गदर्शक निवडताना केवळ गुण पाहू नयेत. ज्याला स्वतःला हा विषय एकेकाळी जड गेला होता, तो पुष्कळदा अधिक धीराने ऐकतो. त्याच्याकडे गुण देण्याचे काम सोपवू नये, मानधन मात्र जरूर द्यावे.

परिणाम तपासताना थोडी सावधगिरी हवी. जादा तासांना स्वखुशीने येणारे विद्यार्थी मुळातच अधिक जिद्दी असू शकतात. त्यामुळे येणारे आणि न येणारे यांची तुलना करताना दोघांचे पूर्वीचे गुणही विचारात घ्यावेत. शिवाय उत्तीर्णांबरोबरच पुढच्या सत्रात प्रोग्रॅमिंगचा दुसरा विषय किती जणांनी घेतला, तोही आकडा पहिल्या वर्षापासून नोंदवून ठेवावा.