गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) डेव्हलप ही रोजच्या कामाची ब्रँच रिलीजच्या मेन ब्रँचमध्ये आणताना साधं मर्ज करावं की स्क्वॉश? आमच्याकडे दर रिलीजला त्याच फाइलींत कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीचे दोन वेगळे बदल) येतात.

साधं मर्ज. ते दोन्ही ब्रँचची हिस्ट्री जोडतं; स्क्वॉश सगळ्या कमिट (नोंदवलेले बदल) दाबून एकच नवीन कमिट बनवतं. जी ब्रँच रिलीजनंतरही चालू राहणार आहे, तिच्यावर स्क्वॉश करायचंच नाही. तुमचे कॉन्फ्लिक्ट बहुधा त्यातूनच येत आहेत.

पुण्यातल्या माझ्या आधीच्या कंपनीत लीडचा हुकूम होता: मेनवर एका रिलीजची एकच कमिट दिसली पाहिजे, हिस्ट्री स्वच्छ हवी, म्हणून दर वेळी स्क्वॉश. पहिली रिलीज सुरळीत गेली. दुसरीला सात-आठ कॉन्फ्लिक्ट आले. तिसरीला बिलिंगची अख्खी फाइल लाल झाली. रात्री साडेअकराला मी एकटा एकेक तुकडा सोडवत बसलो होतो, आणि जीएसटीच्या राउंडिंगपाशी हेडची बाजू ठेवली. हेड म्हणजे मेन, म्हणजे जुना कोड. दोन महिन्यांपूर्वी डेव्हलपवर दुरुस्त केलेली चूक प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सिस्टमवर) तशीच राहिली आणि सकाळी ग्राहकांना चुकीची बिलं मिळाली. मीटिंगमध्ये एवढंच ठरलं की मी नीट बघितलं नाही. स्क्वॉशबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी 'गिट मर्ज-बेस मेन डेव्हलप' (दोन ब्रँचची शेवटची समान कमिट दाखवणारी कमांड) चालवून बघितलं. चार महिन्यांपूर्वीची कमिट आली! स्क्वॉशच्या कमिटला पालक एकच असतो, मेनवरची आधीची कमिट. डेव्हलपशी तिचं नातं कुठेच नोंदलं जात नाही. त्यामुळे गिटच्या लेखी आमच्या आधीच्या दोन्ही रिलीज मर्ज झालेल्याच नव्हत्या. तुलना दर वेळी त्या चार महिने जुन्या कोडपासून, आणि मागच्या रिलीजमध्ये बदललेली ओळ या वेळी पुन्हा बदलली की कॉन्फ्लिक्ट ठरलेला. मी हे लीडना दाखवलं. "हिस्ट्री घाण होईल" यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

हिस्ट्री घाण होत नाही. 'गिट मर्ज --नो-एफएफ डेव्हलप' करा (याने मर्जची वेगळी कमिट हमखास बनते) आणि मेनवर 'गिट लॉग --फर्स्ट-पॅरेंट' बघा. एका रिलीजची एकच कमिट दिसते, लीडना हवी होती तशीच. आतल्या कमिटही शाबूत राहतात, राउंडिंग कोणी आणि का बदललं ते ब्लेममध्ये (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) सापडतं. स्क्वॉश केल्यावर मेनवर ब्लेम फक्त रिलीज करणाऱ्याचं नाव दाखवतं. आमच्याकडे ते माझं होतं.

तुमच्यापुरतं: आधी मेन डेव्हलपमध्ये मर्ज करा, कॉन्फ्लिक्ट तिथेच सोडवा, टेस्ट चालवा, मग डेव्हलप मेनमध्ये न्या. गोंधळ वाटला तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' करून अर्धवट मर्ज रद्द करा आणि दुसऱ्या दिवशी बसा, रात्री नको.

दोन दिवसांत संपणाऱ्या आणि मग डिलीट होणाऱ्या फीचर ब्रँचला स्क्वॉश चालतं, मीही करतो. आणि तुमच्या लीडनेही डेव्हलपवर स्क्वॉशचा हट्ट धरला, तर स्क्वॉश झाल्या झाल्या, डेव्हलपवर नवीन काही जायच्या आत, मेन परत डेव्हलपमध्ये साध्या मर्जने आणा. तेव्हा दोन्हीकडचा कोड सारखाच असतो, कॉन्फ्लिक्ट येत नाही आणि मर्ज-बेस पुढे सरकतो.