न्यू जर्सीला येण्याआधी: कोर्ट, शाळा आणि एल-१ व्हिसा

तुम्ही लिहिलंय की कंपनी एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीसाठीच्या व्हिसावर, पुण्याहून न्यू जर्सीला पाठवतेय, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत येतील. बातम्या बघून घरचे धास्तावलेत, पण तुमचं म्हणणं असं की तिथली कोर्टं भक्कम आहेत, कायदा सगळ्यांना सारखा आहे, मग राजकारणाचं आपल्याला काय? मी इथे बरीच वर्षं राहतेय, म्हणून सविस्तर सांगते.

कोर्टं भक्कम आहेत, हे खरंच. २० जानेवारी २०२५ला अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांचं इथे जन्मलेलं मूल आपोआप नागरिक ठरणार नाही. काही दिवसांतच वेगवेगळ्या राज्यांतल्या फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायाधीशांनी तो रोखला. पण त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी देशभराची स्थगिती देण्याच्या न्यायाधीशांच्या अधिकारालाच लगाम घातला. त्या न्यायालयात नऊ न्यायमूर्ती असतात. अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह, मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते. एका निवडणुकीचा परिणाम वीस-तीस वर्षं पुरतो. राजकारणाचं आपल्याला काय, असं म्हणू नका.

तरी मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कायदा सारखा असला तरी तो वापरायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात. फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर बिलियर्ड्ससारखे खेळ खेळायच्या हॉलमध्ये चोरीसाठी घुसल्याचा खटला झाला. त्याने वकील मागितला, मिळाला नाही. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गंभीर फौजदारी खटल्यात ऐपत नसलेल्याला सरकारने वकील द्यायचा. फेरखटल्यात वकील मिळाल्यावर गिडियन निर्दोष सुटला. हा निकाल मला आजही थोर वाटतो. पण तो फौजदारीपुरता आहे. घर खाली करण्याच्या नोटिशीत किंवा इमिग्रेशनच्या प्रकरणात असा हक्क नाही.

एका ओळखीच्या बाईंबरोबर मी भाडेकरूंच्या कोर्टात गेले होते. न्यू जर्सीत घरमालक कंपनी असेल तर तिला वकील द्यावाच लागतो. त्यामुळे एका बाजूला फायलींचा गठ्ठा घेतलेला वकील, दुसऱ्या बाजूला कामावरून अर्धा दिवस रजा काढून आलेली माणसं, कुणाच्या कडेवर मूल. वकील एकेकाला बाजूला घेऊन तडजोडीच्या कागदावर सही घेत होता. बाईंनी कागद पूर्ण वाचायला मागितला तर त्याने घड्याळाकडे पाहिलं. न्यायाधीश सौजन्याने बोलले, कायद्याचं कुठेही उल्लंघन झालं नाही, आणि तरीही ते पाहून मला फार वाईट वाटलं. न्यूयॉर्क शहराने २०१७ साली अशा प्रकरणांत गरिबांना वकील देण्याचा कायदा केला. असं सगळीकडे व्हायला हवं.

आता शाळा. मुलीसाठी हे नीट वाचा. इथल्या सरकारी शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून भागतो. न्यू जर्सीत घरपट्टीचं सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या आसपास जातं. काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), गाव आणि शाळा असे त्यात वेगळे आकडे असतात. माझ्या बिलात शाळेचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. जिथे घरं महाग, तिथे शाळेला पैसा जास्त. टेक्ससमधल्या गरीब वस्तीतल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली होती, पण १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. न्यू जर्सीच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९०पासून गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत गावांच्या बरोबरीने पैसे द्यायला राज्याला भाग पाडलं. किमान वेतनातही तसंच: देशाचा दर २००९पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलाय, इथे तो १५च्या वर आहे. म्हणून ‘अमेरिका कशी आहे’ यापेक्षा कुठलं राज्य, कुठलं गाव, हे विचारा. भाड्याचं घर घेतानाही आधी शाळेचा जिल्हा, म्हणजे ते घर कुठल्या शाळांच्या हद्दीत येतं ते, बघा. भाडंही बरंचसं त्यावर ठरतं.

राहिला व्हिसा. नव्या एच-१बी (परदेशी तज्ज्ञांना नोकरीसाठीचा व्हिसा) अर्जांवर सप्टेंबर २०२५मध्ये लावलेलं एक लाख डॉलरचं शुल्क एल-१ला लागू नाही. बायकोला एल-२वर (एल-१वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) नोकरी करता येईल. पण एल-१वर तुम्हाला कंपनी बदलता येत नाही, आणि इथे बहुतेक खाजगी नोकऱ्यांत कारण न देता काढून टाकता येतं. नोकरी गेली की दुसरा मार्ग शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तुमचा व्हिसा एल-१ए (मॅनेजरसाठी) आहे की एल-१बी (विशेष ज्ञान असलेल्यांसाठी), हे आधी विचारा. मॅनेजर म्हणून येणाऱ्याला ग्रीन कार्डची तुलनेने छोटी रांग मिळू शकते. बाकी भारतीयांची रांग एका देशाच्या लोकांना एकूण ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्केच मिळतात, या मर्यादेमुळे दहा वर्षांहून लांब आहे, आणि मुलं २१ची झाली की सहसा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनी कधी करणार आणि नोकरी गेली तर परतीचा खर्च कोण देणार, हे दोन्ही लेखी घ्या. कंपनीचा वकील कंपनीचं हित आधी बघतो. सही करण्याआधी एक तासाचे पैसे मोजून स्वतःच्या वकिलाला कागद दाखवा.