शाळेतले सर जाऊन आठ महिने झाले, मला आत्ता कळलं. आता त्यांच्या घरी जाणं बरं दिसेल का? गेलो तर काय बोलावं?

जावा. मी तर वर्षानं गेलो होतो.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या वाटेवर. सरकारी मराठी शाळा. पावसात कौलं गळायची आणि सर आम्हाला कोरड्या कोपऱ्यात सरकवत सरकवत गणित शिकवायचे. पण माझ्या डोक्यात राहिलं ते त्यांचं कन्नड. मराठी शाळेत कन्नड विषय असतोच, आणि आम्हाला त्याचा मनापासून राग. १ नोव्हेंबरला शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि गावात महाराष्ट्रात जायचं म्हणून काळा दिवस, या दोन्हीच्या मधे सरांची अख्खी नोकरी झाली. ते म्हणायचे, "भांडायचं तर आधी त्यांचा कागद वाचा, मग भांडा." बसवरची पाटी वाचता यावी म्हणून बाजारादिवशी आम्हाला स्टँडवर उभं करायचे. "व ला शेपूट फुटलं की म झाला," ही कन्नड अक्षरांची त्यांची युक्ती. संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी उतारा नाहीतर तहसीलची नोटीस घेऊन बसलेलं असायचंच.

सर गेले तेव्हा मी पुण्यात. फोन त्याच दिवशी आला, म्हणजे कळलं नाही म्हणायलाही मला जागा नव्हती. बाराव्याला जाऊ म्हटलं, रजा मिळाली नाही. मग गणपतीत जाऊ म्हटलं. मग लाज वाटायला लागली, आणि एकदा लाज वाटायला लागली की पाय उचलत नाही.

शेवटी चहापूड-साखर घेऊन गेलो. काकूंनी दारातच विचारलं, "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं. "होय काय! बस की." बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. "काकू, यायला फार उशीर झाला," एवढंच बोललो. त्या म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेलं. कोण आलं, कोण गेलं, मला काय आठवत नाही बघ. आता कोण येत नाही."

मुलगा घरीच होता. त्याला लहानपणापासून बेळगावात मावशीकडं ठेवून इंग्रजी माध्यमात घातलेलं, त्यामुळं बापाला वर्गात त्यानं कधी बघितलंच नव्हतं. मी स्टँडवरची गोष्ट सांगितली, शेपटाचा म सांगितला. "अप्पा वर्गात हसवायचे काय?" तो बघतच राहिला. घरी म्हणे जेवताना एक शब्द नसायचा. मग तासभर खोदून खोदून विचारत बसला. तेव्हा काय बोलावं म्हणता तर हेच बोला. 'देवमाणूस होते' हे त्यांनी शंभर जणांकडून ऐकलेलं असतं. सरांनी तुम्हाला कधी आणि कशासाठी मारलं, ते सांगा. मी माझ्या छड्याही सांगितल्या. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

मग त्यांनी आतून एक फायल आणली. फॅमिली पेन्शनचे कागद, बँकेचं पत्र, सगळं कन्नडात. मुलगा कन्नड फडाफडा बोलतो, पण सरकारी कन्नडापुढं त्याचीही गाडी अडते. गावाचे कागद ज्या कट्ट्यावर वाचले जायचे, त्याच कट्ट्यावर मी फायल उघडली. सगळ्यात वर मृत्यूचा दाखला. 'मरण प्रमाण पत्र'. पहिलंच अक्षर शेपटाचं. ते मी मोठ्यानं वाचलं नाही, पान उलटलं. बँकेच्या पत्रात हयातीचा दाखला मागितला होता. काकूंना तो दरवर्षी द्यावा लागणार. कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं खूण करून दिली आणि मुलाला मराठीत लिहून दिलं.

तसल्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून मी गप उठून चपला घातल्या. काकू दारापर्यंत आल्या.

"वर्ष होऊन गेलं की रे. येतो म्हण."