जुन्या, कमी गाजलेल्या सायकेडेलिक (साठ-सत्तरच्या दशकातलं गुंगवणारं रॉक) अल्बमचे रीइश्यू विकत घ्यावेत का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. त्यातल्या पहिल्या प्रश्नात, म्हणजे सगळं मोबाइलवर फुकट वाजत असताना रीइश्यूला (जुन्या रेकॉर्डच्या नव्या छपाईला) पैसे घालावेत का, यात माझे हात चांगलेच पोळलेत. म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या मामांच्या रेकॉर्डी सराफ बाजारात तळमजल्यावर होत्या. सप्टेंबर २००८ मध्ये गंगेला पूर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी मामांच्या घरात शिरलं. तबकड्या धुऊन पुसून वाचल्या, कव्हरांचा मात्र लगदा झाला. त्यात सितारवादक आनंद शंकरची १९७५ ची रेकॉर्ड होती: सितार, तबला आणि सिंथेसायझर एकत्र. पुढे नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबांत तिच्यातलं ‘डान्सिंग ड्रम्स’ वाजायला लागलं, तेव्हा आपल्याकडे कुणाला तिची आठवणही नव्हती. तुम्ही सुरुवात इथूनच करा. सितार-तबल्याला आपला कान आधीच तयार असतो.

मग मी ऑनलाइन एक परदेशी रीइश्यू मागवला, दुसऱ्याच एका बँडचा. सुई ठेवली तर खरखर. रेकॉर्ड पुसली, सुई बदलली, तरी खरखर तिथेच, त्याच ओळीवर. शेवटी लक्षात आलं की ती माझ्या रेकॉर्डची नव्हतीच. कुणाच्या तरी जुन्या एलपीवरून उतरवून तोच आवाज नवीन तबकडीवर छापला होता. तेव्हापासून घेण्याआधी एकच बघतो, मूळ मास्टर टेपवरून (स्टुडिओतल्या अंतिम ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून) काढलाय असं स्पष्ट लिहिलंय का. रंगीत तबकडी आणि जाड कव्हर याला मी भुलत नाही. (पूर्वी भुलायचो.)

टेपला एवढं महत्त्व का, ते झॉम्बीज या इंग्लिश बँडच्या ‘ओडेसी अँड ओरॅकल’वरून कळतं. अल्बम १९६७ मध्ये रेकॉर्ड झाला. १९६८ मध्ये बाजारात आला तोवर बँड फुटलेला. कव्हर काढणाऱ्याने ‘ओडिसी’चं स्पेलिंग चुकवलं, ते तसंच राहिलं. त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण वाजवायला बँडच नव्हता. आणि खरी गंमत ‘धिस विल बी अवर इयर’मध्ये. त्यातला ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) मोनो मिक्स (सगळा आवाज एकाच वाहिनीत) करतानाच थेट वाजवून घातला, त्यामुळे मल्टिट्रॅक टेपवर, म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात त्या टेपवर, तो नाहीच. जुन्या स्टीरिओ रेकॉर्डवर त्या गाण्यापुरतं मोनोलाच ताणून नकली स्टीरिओ केलंय, आणि पुढच्या काही रीइश्यूंत खरा स्टीरिओ आहे, पण ब्रास गायब.

आपल्याकडचं अजून हवं असेल तर ‘सिमला बीट’ शोधा. सिगारेटच्या ब्रँडने भरवलेल्या स्पर्धेतले शिलाँग, मद्रास, बंगळूर, कलकत्त्याचे बँड, १९७० आणि ७१ चे. वाजवणं कच्चं आहे, पण कैफ पक्का.

झॉम्बीजचं ते गाणं माझ्याकडे तीन वेळा आहे. बायको विचारते, एकच गाणं किती वेळा विकत घेणार? तिचं बरोबर आहे. पण रात्री मी लावतो ते बिनब्रासचंच.