नव्या अंकावर लिहिताना

बुधवारी अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक येतात आणि रात्रीपर्यंत परीक्षण लिहून मोकळं व्हायची घाई होते. थांब जरा. गोष्ट असते जेमतेम 20-22 पानांची, दोनदा वाच. दुसऱ्यांदा संवादांच्या फुग्यांतलं काही न वाचता नुसती चित्रं बघ. बॅटमॅन गच्चीवरून उडी मारतो, पुढच्या चौकटीत तो नेमका कुठे उतरला ते कळतं का? नसेल कळत तर तेच लिही. कथानक सांगण्यात चार परिच्छेद घालवू नकोस (मी वर्षभर तेच करायचो!). चित्रकाराबरोबर रंग भरणाऱ्याचं आणि अक्षरं घालणाऱ्याचंही नाव घे, त्यांना एरवी कुणी विचारत नाही. शेवटच्या पानावरचा धक्का मात्र फोडू नकोस. लोकांनी 4-5 डॉलर त्यासाठीच मोजलेले असतात.