छोट्या हॅचबॅकमध्ये कॉम्पोनंट स्पीकर बसवले तर आवाजात खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, आणि पहिल्याच गाण्यात कळतो. पण त्यात स्पीकरइतकाच वाटा दरवाज्याचा असतो. कार ऑडिओ फिटिंग हेच माझं काम आहे. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) वेगळा असतो, तो आरशाजवळच्या तिकोनी पट्टीवर बसवला की गाणाऱ्याचा आवाज पायाशी न घुटमळता समोरून येतो. वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, मात्र दरवाज्यातच राहतो. ट्रिम (दरवाज्याचं आतलं आवरण) काढलीत की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतील, वर नुसतं प्लास्टिक चिकटवलेलं. स्पीकरच्या मागची हवा तिथून पुढे येते आणि बेस खाऊन टाकते. ती भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी) लावा. (तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका, पावसाळ्यात दरवाजा गंजेल.) हे न करता महागडा सेट घेणं म्हणजे पैसे वाया. अॅम्प (वेगळा अॅम्प्लिफायर) नंतर घेतला तरी चालेल; कंपनीच्या स्टिरिओवर चालवायचे असतील तर 90 डीबीच्या आसपास सेन्सिटिव्हिटी असलेले, म्हणजे कमी पॉवरवरही मोठा आवाज देणारे, घ्या. मात्र साडेसहा इंची वूफर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजा. काही गाड्यांत मॅग्नेट काचेला घासतो, तिथे स्पीकर थोडा पुढे आणणारी स्पेसर रिंग लागते किंवा कमी खोलीचा वूफर.