सक्तमजुरी म्हणजे वेठबिगारीच नाही का? आणि कैद्याला बाहेरच्याइतकी मजुरी का मिळत नाही?

पहिल्या प्रश्नाचं कायद्यापुरतं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात दिलं आहे. शिक्षेतच 'सक्तमजुरी' असेल, तर कैद्याची मर्जी असो-नसो, त्याला काम लावता येतं. मात्र हे फक्त सक्तमजुरी झालेल्या पक्क्या कैद्यापुरतं. कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून चालू आहे) किंवा साधी कैद झालेला माणूस आपणहून मागेल तरच त्याला काम द्यायचं. बराक झाडणं किंवा भटारखान्यात राबणं 'मदत' म्हणून गळ्यात मारलं जात असेल, तर ती सरळ वेठच.

सक्तमजुरीलाही मर्यादा आहेत. १८९४ च्या तुरुंग कायद्यानुसार दिवसाला ९ तासांच्या वर काम नाही; अपवाद आणीबाणीचा, तोही अधीक्षकाच्या लेखी परवानगीनं. काम करणाऱ्या कैद्याचं वजन दर पंधरवड्याला त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नोंदींच्या कागदावर, लिहायचं. वजन घटत चाललं असेल, तर काम झेपत नाही हे त्या कागदावरच दिसतं. जात पाहून कामं वाटण्याचे, म्हणजे वरच्या जातीला स्वयंपाक आणि खालच्या जातीला संडास, असे नियम ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयानं रद्द केले. तोवर ते जेल मॅन्युअलमध्ये छापील होते, हे मुद्दाम सांगतो.

आता पैसे. १९९८ च्या त्याच निकालानं कैद्याला 'न्याय्य वेतन' द्या आणि ते ठरवायला प्रत्येक राज्यानं समिती नेमा, असं सांगितलं. किमान वेतनच द्या, असं बंधन मात्र घातलं नाही, आणि सगळी गोम तिथं आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये वाढवलेले रोजचे दर असे: कुशल ७४ रुपये, अर्धकुशल ६७, अकुशल ५३, खुल्या कारागृहात ९४. कुशल सुतार महिन्याचे २५ दिवस रंधा मारत राहिला, तर हातात १,८५० रुपये. दिल्लीत २०१९ पासून कुशलला ३०८ रुपये होते. त्यातले २५ टक्के गुन्ह्यातल्या पीडितांच्या निधीला गेले तरी २३१ उरतात. म्हणजे जास्त देणं अशक्य नाही.

'खाणं-कपडा सरकारचाच ना?' हा नेहमीचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. काम न करणाऱ्या कैद्यालाही तीच भाजी-चपाती मिळते. मग तिचं बिल एकट्या राबणाऱ्याच्या माथी का? शिवाय स्वस्त मजुरीवर शिवलेला सदरा बाजारात गेला, की बाहेरच्या शिंप्याचाही भाव पडतो. १९८२ च्या आशियाड खटल्यात, म्हणजे आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, याच सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं म्हणजे वेठ असं म्हटलं होतं. ते तत्त्व कैद्याच्या बाबतीत गळून पडलं.

माझ्या मते आधी पूर्ण दर लिहावा, मग वजावट दाखवावी: खाण्याचे कापायचेच असतील तर इतके, पीडिताचे इतके, उरलेले कैद्याच्या खात्यात. आज थेट आकसलेलाच आकडा लिहिला जातो, त्यामुळे कोणत्या कारणानं किती कापलं याचा जाब विचारायला जागाच राहत नाही.

तुमचं कुणी आत असेल, तर महिन्याचे कामाचे दिवस, त्याला लावलेली कुशल-अकुशल श्रेणी आणि जमा रक्कम या तीन गोष्टी भेटीत विचारून लिहून ठेवा. कुशल काम करणाऱ्याला अकुशल दर लावलाय का, ते आधी बघा. हिशेब जुळला नाही, तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. त्यानं भागलं नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कैद्याला वकील तिथं फुकट मिळतो.